२०१३ ची ऑल-आयर्लंड हर्लिंग: एकदा हरलेले दोघे अंतिम सामन्यात, मग ही बाद पद्धत कसली?

गवताळ:
हर्लिंग हा आयर्लंडचा काठी-चेंडूचा खेळ. त्यातल्या काउंटी (जिल्हा) संघांच्या ऑल-आयर्लंड सीनियर चँपियनशिपला सगळे सर्रास बाद पद्धतीची स्पर्धा म्हणतात. २०१३ चा तक्ता समोर ठेवा आणि मग बोला.

२३ जूनला मन्स्टर प्रांताच्या उपांत्य सामन्यात कॉर्कने क्लेअरला ०-२३ विरुद्ध ०-१५ असं हरवलं. १४ जुलैला मन्स्टरच्या अंतिम सामन्यात लिमरिकने कॉर्कला ०-२४ विरुद्ध ०-१५ हरवलं आणि १९९६ नंतर पहिल्यांदा प्रांत जिंकला. १८ ऑगस्टला ऑल-आयर्लंड उपांत्य सामन्यात क्लेअरने लिमरिकला १-२२ विरुद्ध ०-१८ हरवलं. तिघांनी एकमेकांना एकेकदा पाडलं. अंतिम सामन्याला कोण गेलं? क्लेअर आणि कॉर्क. लिमरिक हंगामात एकच सामना हरलं, तर थेट घरी.

लेन्स्टर प्रांतातही तेच. डब्लिनने गॉलवेला २-२५ विरुद्ध २-१३ असं धुऊन १९६१ नंतरचं पहिलं प्रांतविजेतेपद घेतलं. मग ११ ऑगस्टला कॉर्ककडून १-२४ विरुद्ध १-१९ हार, विषय संपला.

माझं म्हणणं एवढंच की या रचनेत दुसरी संधी सगळ्यांना होती, फक्त प्रांत जिंकणाऱ्यांना नव्हती. जिंकल्याची शिक्षा म्हणतात ती हीच.

फेरफटका:
रुमाल टाकून ठेवतो. किलकेनीवाले येईपर्यंत चहा होईल.

नवशिकी_नमू:
भांडायच्या आधी कोणीतरी ०-२३ हे वाचायचं कसं ते सांगा. शून्य गोल करून जिंकले?

पंचाची_शिट्टी:
नमूताई, पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा. आडव्या दांड्याखालून चेंडू जाळीत गेला तर गोल, त्याचे ३ पॉइंट. दांड्यावरून पण दोन्ही खांबांच्या मधून गेला तर १ पॉइंट. खांबांमधलं अंतर ६.५ मीटर, दांडा जमिनीपासून २.५ मीटर, खांब मात्र वर किमान ७ मीटरपर्यंत जातात. म्हणजे १-२२ म्हणजे ३ अधिक २२, एकूण २५.

बाकी थोडक्यात: प्रत्येक संघात १५ खेळाडू, काउंटी पातळीवर सीनियर सामना ७० मिनिटांचा (३५-३५), मैदान १३० ते १४५ मीटर लांब. चेंडू, म्हणजे स्लिटर, ६९ ते ७२ मिमी व्यासाचा आणि ११० ते १२० ग्रॅमचा. तो हातात धरून ४ पावलांपेक्षा जास्त जाता येत नाही. पुढे पळायचं तर हर्लीच्या (काठीच्या) पात्यावर तोलत पळायचं. जमिनीला न लागता तोच चेंडू दोनदाच हातात घेता येतो, तिसऱ्यांदा घेतलात तर फाउल. नवे प्रेक्षक इथेच गोंधळतात, कारण पंचाने शिट्टी का मारली ते कळत नाही.

फेरफटका:
थोडक्यात हेल्मेट घालून विटीदांडू.

लांबचा_पॉइंट:
@फेरफटका, विटी उडवताना समोरचा तुमच्या बोटांवर दांडू हाणत नाही. इथे जमिनीवरचा चेंडू उचलायला तुमच्याकडे अर्धा सेकंद असतो. निवांत असाल तर रोल लिफ्ट: पातं चेंडूवर टेकवून स्वतःकडे ओढायचं, चेंडू फिरला की लगेच टोक खाली सरकवायचं आणि मनगटाने वर. गर्दीत असाल तर जॅब लिफ्ट: हर्ली जमिनीला जवळजवळ समांतर ठेवून टोक एका झटक्यात चेंडूखाली. दोन्हींत मागचा हात उंच राहिला की टोक गवतात रुततं. गुडघे वाकवून अंग चेंडूवर आडवं नेलं नाही तर उचललेला चेंडू दुसराच घेऊन जातो.

आता मूळ मुद्दा. गवताळ, तुम्ही अर्धीच बाजू मांडलीत. प्रांतविजेत्यांना मिळतं काय ते सांगितलं नाहीत: उपांत्यपूर्व सामना माफ. क्लेअरला लिमरिकपर्यंत पोचायला आधी वॉटरफर्ड, मग कॉर्ककडून हार, मग पात्रता फेरीत लीश, वेक्सफर्डविरुद्ध जादा वेळ, मग २८ जुलैला थर्ल्सला गॉलवे (१-२३ विरुद्ध २-१४) इतकी वाट तुडवावी लागली. लिमरिकला? टिपरेरी, कॉर्क, थेट उपांत्य सामना.

गवताळ:
@लांबचा_पॉइंट, ती 'माफी'च घातक ठरली. लिमरिकचा प्रांताचा अंतिम सामना १४ जुलैला, उपांत्य सामना १८ ऑगस्टला. डब्लिन ७ जुलै ते ११ ऑगस्ट. दोघांनाही बरोबर ५ आठवडे स्पर्धात्मक सामना नाही. त्यातही डब्लिनचं बघा: वेक्सफर्डशी बरोबरी, मग रिप्ले (तोच सामना पुन्हा), किलकेनीशी बरोबरी, मग रिप्ले, मग गॉलवे. सलग ५ आठवडाअखेरींना ५ सामने, आणि त्यानंतर ५ आठवडे शुकशुकाट. हर्लिंगमध्ये चेंडूवरचा पहिला स्पर्श सरावसामन्यांत टिकत नाही. तो खऱ्या दडपणाखालीच धारदार राहतो.

आकडेमोड:
गवताळ यांचा निष्कर्ष एका वर्षापुरता बरोबर, पण सर्वसाधारण नियम म्हणून टिकत नाही. २००६ ते २००९ किलकेनीने सलग चार ऑल-आयर्लंड जिंकल्या, चारही वेळा लेन्स्टरचे विजेते म्हणून, त्यातल्या २००८ आणि २००९ ला थेट उपांत्य सामन्यात येऊन. २०११ मध्येही तसंच. मग ५ आठवड्यांच्या सुट्टीने त्यांना का नाही गंज चढला?

उलट बाजूही आहे. २०१० ला टिपरेरी मन्स्टरमध्ये पहिल्याच सामन्यात कॉर्ककडून हरलं आणि पुढे किलकेनीचं सलग पाचवं विजेतेपद रोखून ऑल-आयर्लंड घेऊन गेलं. २०१२ ला किलकेनी लेन्स्टरच्या अंतिम सामन्यात गॉलवेकडून हरलं आणि रिप्लेत त्याच गॉलवेला हरवून जिंकलं. २०१३ क्लेअर. चार हंगामांत तीन विजेते मागच्या दाराने, म्हणजे प्रांतात एकदा हरून, आलेले. सुट्टीपेक्षा मला वाटतं संघाची खोली जास्त महत्त्वाची. मुरलेल्या संघाला विश्रांती लाभते, नव्या संघाची लय मोडते. लिमरिक आणि डब्लिन दोन्ही तेव्हा नवखे होते.

काळा_पिवळा:
आलो. चहा झाला का फेरफटका?

मागच्या दाराला नावं ठेवणाऱ्यांनी ६ जुलै २०१३ आठवावा. नोलन पार्क, किलकेनी विरुद्ध टिपरेरी, पात्रता फेरी. हरेल त्याचा हंगाम जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपणार. आधीच्या चार वर्षांत तीन अंतिम सामने या दोघांतच झाले होते आणि इथे सामना पात्रता फेरीचा. ०-२० विरुद्ध १-१४, तीन पॉइंटांनी किलकेनी. शुद्ध बाद पद्धत असती तर दोन्ही संघ जूनमध्येच घरी आणि हा सामना झालाच नसता.

त्यानंतर वॉटरफर्डला जादा वेळेत हरवलं, आणि थर्ल्सला कॉर्कने ०-१९ विरुद्ध ०-१४ संपवलं. आमच्या हेन्री शेफ्लिनला मध्यंतराच्या तोंडावर दुसरं पिवळं कार्ड आणि लाल. किलकेनी उपांत्य फेरीत नाही असं १९९६ नंतर पहिल्यांदा झालं. त्या कार्डावर मी बोलणार नाही, धागा बंद पडेल.

पंचाची_शिट्टी:
बोलू नकाच. :)

मागचं दार आलं कधी, हेही नोंदवून ठेवू. १९९६ पर्यंत एक हार म्हणजे संपलं. त्या शुद्ध पद्धतीचा शेवटचा विजेता वेक्सफर्ड. १९९७ ला फक्त मन्स्टर आणि लेन्स्टरच्या पराभूत अंतिम संघांना दुसरी संधी दिली आणि पहिल्याच वर्षी टिपरेरी त्या वाटेने अंतिम सामन्यात आलं. क्लेअरने त्यांना मन्स्टरच्या अंतिम सामन्यात हरवलं होतं, तेच पुन्हा समोर. क्लेअर ०-२०, टिपरेरी २-१३. एका पॉइंटाने क्लेअर वाचलं.

१९९८ ला ऑफली लेन्स्टरचा अंतिम सामना किलकेनीकडून हरलं. पुढे क्लेअरविरुद्धच्या उपांत्य रिप्लेत क्लेअर तीनने पुढे असताना पंच जिमी कूनी यांनी सुमारे २ मिनिटं आधी शिट्टी मारली. ऑफलीचे प्रेक्षक क्रोक पार्कच्या मैदानावर बसून राहिले, सामना पुन्हा खेळवला गेला, ऑफली जिंकलं आणि अंतिम सामन्यात किलकेनीलाही हरवलं. मागच्या दाराने आलेला पहिला विजेता तो. म्हणजे गवताळ यांचा प्रश्न क्लेअरवाल्यांनी १९९८ लाच विचारला असेल, फक्त उलट्या बाजूने.

नवशिकी_नमू:
अंतिम सामन्यात काय झालं ते कोणीच सांगत नाहीये.

साइडलाइन_कट:
सांगतो. ८ सप्टेंबर, क्रोक पार्क. क्लेअर ०-२५, कॉर्क ३-१६. पंचवीस-पंचवीस. क्लेअर जवळजवळ सगळा वेळ पुढे, पण एकही गोल नाही. कॉर्क मागे, पण कॉनर लेहान, अँथनी नॅश आणि पा क्रोनिन यांच्या गोलांनी दर वेळी परत दारात. जादा मिनिटांत पॅट्रिक हॉर्गनने पॉइंट मारून कॉर्कला पुढे नेलं. सामना संपल्यातच जमा होता. तेवढ्यात क्लेअरचा कॉर्नर-बॅक डोनल ओ'डोनोव्हन पुढे सरकत आला आणि त्याने डाव्या अंगाने मारलेला चेंडू दांड्यावरून गेला. चँपियनशिपमधला त्याचा पहिलाच पॉइंट. २ मिनिटं जादा दाखवली होती आणि हा फटका त्याच्याही पलीकडचा, म्हणून कॉर्ककर अजून घड्याळ दाखवतात.

बचावपटू तिथे कसा, असं विचाराल. शेवटच्या मिनिटात कॉर्कचे आक्रमक एका पॉइंटाची आघाडी जपायला मागे उतरले होते, त्यामुळे क्लेअरच्या मागच्या माणसावर कोणी उरलंच नाही. आघाडी जपताना पुढच्या फळीने मागे धावणं ही नेहमीची चूक. चेंडू बाहेर आला की तो मोकळा माणूसच उचलतो.

घड्याळजी:
नियमानुसार दाखवलेली मिनिटं ही किमान वेळ. त्या जादा वेळेतही खोळंबा झाला तर पंच वाढवू शकतो. पंच ब्रायन गॅव्हिन यांनी काही गैर केलं नाही.

नवशिकी_नमू:
आणि नॅश तर गोलरक्षक ना? त्याने गोल कसा मारला?

साइडलाइन_कट:
हा खरा गमतीचा भाग. २० मीटर रेषेवर फ्री (फाउलबद्दलचा मोकळा फटका) किंवा पेनल्टी मिळाली की कॉर्कचा गोलरक्षक नॅश पूर्ण मैदान चालत यायचा. चेंडू २० मीटर रेषेवर ठेवायचा. मग तो हर्लीवर उचलून जागच्या जागी न मारता पुढे आणि वर उडवायचा, चार-पाच ढांगा धावत जायचा आणि पूर्ण ताकदीने मारायचा. नियमात चेंडू कुठून 'उचलायचा' ते होतं, 'मारायचा' कुठून ते नव्हतं. हर्ली लागेपर्यंत चेंडू गोलपासून १३-१४ मीटरवर आलेला असायचा.

फ्रीला गोलरेषेवर किती माणसं उभी करायची यावर बंधन नव्हतं, म्हणून क्लेअरने जवळजवळ अख्खा संघ रेषेवर उभा केला. तरी गेला. उंचीमुळे. अशी भिंत उभी केली की सगळे हर्ली खाली धरतात, कारण खालचा चेंडू पायांत घुसतो. नॅश छातीच्या वर, दांड्याच्या जरा खाली मारायचा. तिथे हर्ली न्यायला वेळ मिळत नाही.

पंचाची_शिट्टी:
पुढचं सांगून टाकतो. जून २०१४ ला मन्स्टरच्या रिप्लेत वॉटरफर्डचा गोलरक्षक स्टीफन ओ'कीफ नॅशने चेंडू उचलताच रेषेवरून सुसाट धावत आला आणि फटका अंगावर घेतला. आता प्रश्न आला की फ्री 'घेतली' कधी म्हणायची, चेंडू उचलल्यावर की हर्ली लागल्यावर? उचलल्यावर म्हणावं तर गोलरक्षक धावत येणार आणि कधी ना कधी कोणाचा डोळा किंवा जबडा जाणार. त्याच महिन्यात अर्थ स्पष्ट केला गेला की फटका २० मीटर रेषेवर किंवा तिच्या मागूनच बसला पाहिजे. २०१५ पासून पेनल्टीला रेषेवर एकटा गोलरक्षक. आधी तिघं असायचे. धाव घ्यायला मिळावी म्हणून चेंडू रेषेच्या ७ मीटर मागेपर्यंत नेता येतो.

फेरफटका:
एका माणसामुळे दोन नियम बदलले. आमच्या सोसायटीत एका माणसामुळे पार्किंगचे अकरा बदललेत.

क्लेअरचा_कैवारी:
रिप्लेवर कोणीच आलं नाही? २८ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळी ५. रविवार २२ सप्टेंबरला गेलिक फुटबॉलचा अंतिम सामना होता, म्हणून मधे जागाच नव्हती.

मधल्या काळात, १४ सप्टेंबरला, क्लेअरच्या २१ वर्षांखालच्या संघाने थर्ल्सला अँट्रिमविरुद्ध ऑल-आयर्लंड जिंकली. टोनी केली आणि शेन ओ'डोनेल हे त्या संघातही होते. म्हणजे सीनियर अंतिम सामना, २१ वर्षांखालचा अंतिम सामना, सीनियर रिप्ले, सगळं तीन आठवड्यांच्या आत. इतर संघ असा भार टाळतात. क्लेअरला तो पचला, कारण प्रशिक्षक डेव्ही फिट्झगेराल्ड यांच्या तालमीत धावण्यावर भर होता.

आणि मग संघनिवड. ओ'डोनेल वय १९, आपण सुरुवातीपासून खेळतोय हे त्याला सामन्याच्या जेमतेम काही तास आधी कळलं. डॅराक होनन बाहेर, हा आत. पहिल्या १९ मिनिटांत ३ गोल. एकूण ३-३. फुल-फॉरवर्डच्या (गोलसमोरच्या आक्रमकाच्या) जागेत भरपूर मोकळं मैदान ठेवून त्याच्यापुढे चेंडू टाकले गेले, त्यामुळे कॉर्कच्या मागच्या माणसाला प्रत्येक वेळी वळून धावावं लागलं. शेवटी होननच बदली येऊन पाचवा गोल मारून गेला. ५-१६ विरुद्ध ३-१६.

आकडेमोड:
कॉर्कने दोन्ही सामन्यांत अगदी तोच धावफलक केला, ३-१६. आणि पहिल्या सामन्यात २५ पॉइंट मारूनही न जिंकलेलं क्लेअर रिप्लेत फक्त १६ पॉइंट मारून सहाने जिंकलं. गोलांचं मोल यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार नाही.

लांबचा_पॉइंट:
@क्लेअरचा_कैवारी, धावण्याइतकंच श्रेय डावपेचांनाही द्या. गॉलवे आणि लिमरिकविरुद्ध कर्णधार पॅट्रिक डॉनेलनला बचावाच्या पुढे सातवा माणूस म्हणून मोकळा ठेवला होता. लिमरिकने लांब चेंडू टाकले आणि ते बऱ्याचदा त्याच्याच हातात पडले. मोकळ्या माणसाला हरवायचं तर लांब चेंडू बंद करून दोघातिघांत छोटे पास खेळत त्याला बाहेर ओढावं लागतं. अंतिम सामन्याला मात्र फिट्झगेराल्ड यांनी तो सातवा माणूस काढून सरळ १५ ला १५ खेळवले. कॉर्कची तयारी वाया.

घड्याळजी:
१८ ऑगस्टची एक गोष्ट राहिली. हॉक-आय त्याच वर्षी क्रोक पार्कला आलं होतं. लिमरिक-क्लेअरच्या आधी लिमरिक आणि गॉलवेच्या मुलांचा मायनर उपांत्य सामना होता. त्यात लिमरिकच्या एका फटक्याचं चित्र पडद्यावर खांबांच्या आतून गेलेलं दिसलं आणि खाली निकाल आला: पॉइंट नाही. सामना लिमरिकने जादा वेळेत गमावला. यंत्रणा बसवताना झालेली मानवी चूक निघाली. सीनियर सामन्याला हॉक-आय बंदच ठेवलं. लिमरिककरांचा तो दिवस सकाळपासूनच वाईट होता.

गवताळ:
मजा आली वाचून, पण माझ्या प्रश्नाला कोणी भिडलं नाही. प्रांतविजेत्याला एक जादा जीव द्यायचा की नाही?

पंचाची_शिट्टी:
भिडतो. २०१८ पासून प्रांतात साखळी आली. मन्स्टरमध्ये ५ संघ, प्रत्येकाचे ४ सामने, पहिले तीन पुढे. प्रांतविजेता थेट उपांत्य फेरीत, उपविजेता उपांत्यपूर्व फेरीत, तिसरा प्राथमिक उपांत्यपूर्व सामन्यात खालच्या जो मॅकडोना स्पर्धेच्या अंतिम संघाशी. तो सामना उपचार समजला जायचा, पण २०१९ ला लीशने डब्लिनला १-२२ विरुद्ध ०-२३ हरवलं. प्रांतविजेत्याला मात्र ऑल-आयर्लंड टप्प्यात अजूनही दुसरा जीव नाही.

आकडेमोड:
आणि हारणं तर आणखी स्वस्त झालं. २०२४ ला क्लेअर लिमरिककडून दोनदा हरलं, एकदा साखळीत, एकदा मन्स्टरच्या अंतिम सामन्यात (१-२६ विरुद्ध १-२०). कॉर्क पहिले दोन्ही साखळी सामने हरलं, पण उपांत्य फेरीत प्रांतविजेत्या लिमरिकला १-२८ विरुद्ध ०-२९ हरवून गेलं. अंतिम सामना पुन्हा क्लेअर-कॉर्क, ३-२९ विरुद्ध १-३४, जादा वेळेनंतर, एका पॉइंटाने क्लेअर. आता रिप्लेऐवजी त्याच दिवशी जादा वेळ. आणि प्रांतविजेतं लिमरिक पुन्हा एका हारीत घरी.

गवताळ:
म्हणजे अकरा वर्षांनी तेच तीन संघ, तोच निकाल, तीच तक्रार. लिमरिकला उपांत्य सामना घरच्या मैदानावर द्या, एवढी तरी सवलत मागतो.

लांबचा_पॉइंट:
मिळणार नाही. उपांत्य सामने क्रोक पार्कला होतात, तिथली क्षमता ८२,३००. लिमरिकच्या गेलिक ग्राउंड्सला त्याच्या निम्म्याच्या जरा वर. तिकिटांचा हाच पैसा खाली क्लबांपर्यंत जातो, खेळाडू तर सगळे हौशी.

नवशिकी_नमू:
अवांतर: डब्लिनला भाऊ राहतो, त्याला हर्ली आणायला सांगायची आहे. कुठल्या मापाची?

साइडलाइन_कट:
मोठ्या माणसाला साधारण ३३ ते ३५ इंच. ताठ उभं राहून हर्ली पायाशी टेकवली की मूठ कमरेच्या हाडाशी यावी, आणि दोन मापांत घुटमळलात तर छोटी घ्या. पात्याची रुंदी १३ सेंटिमीटरपर्यंत, ही मर्यादा फक्त गोलरक्षकाला नाही.

ॲशच्या लाकडाची घेत असाल तर रेषा बघायला सांगा. झाडाच्या बुंध्याचा, मुळांकडे वळणारा खालचा सव्वा मीटरचा भागच हर्लीला लागतो, कारण तिथे रेषा आपसूक वळते. मुठीतून आलेली रेषा पात्यात वळून शिरली पाहिजे. सरळ जाऊन पात्याच्या कडेला संपत असेल तर पहिल्या जोराच्या टक्करीत टाचेपासून फाटते. पात्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर आलेली नसावीत, आणि वर टेप असावी. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडला ॲशचा बुरशीरोग सापडला तेव्हापासून देशी लाकूड कमी होत चाललंय. बांबूच्या हर्ल्याही मिळतात, त्यांना रेषेचा प्रश्न नाही, पण ॲशवर हात बसलेल्यांना फटक्याचा धक्का वेगळा लागतो.

फेरफटका:
विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देणार नाहीत, भावाला आधीच सांगा. चेक-इनमध्ये टाकायला सांगा, पात्याला कपडे गुंडाळून. आणि दोन आणायला सांगा, एकटीने कोणाशी खेळणार?